थंडी वाढली की हीट पंपाचं पाणी कोमट आणि बिल चढतं: दोष कुठे शोधायचा

निफाडला पारा पाच-सहावर आला आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटू लागल्या, की आमच्या घरी एक तक्रार ठरलेली असायची. पहाटे साडेपाचला आण्णा आंघोळीला जायचे आणि आतून हाक यायची, "अरे, पाणी कोमटच आहे रे!" असे सलग तीन हिवाळे गेले. डिसेंबरच्या मध्याला सुरू होणारी ही कुरबूर फेब्रुवारीच्या अखेरीस आपोआप थांबायची. ती थांबली की आम्हीही विसरायचो आणि मूळ दोष तसाच राहायचा.

मशीन २०० लिटरचं, हायब्रिड हीट पंप वॉटर हीटर. घर नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ, आणि मशीन स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. मी सातपूरला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, ही तिथली शिस्त. घरच्या मशीनला ती लावली तेव्हा कुठे उलगडा झाला. नाशिकमध्ये आता बऱ्याच फ्लॅटमध्ये आणि रो-हाउसमध्ये हे हीटर दिसतात आणि प्रत्येक हिवाळ्यात लोक तीच तक्रार घेऊन तोच खर्च करतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मशीन काय करतं ते डोक्यात पक्कं हवं. साध्या गिझरमध्ये एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, भोवतालच्या हवेतली उचलून टाकीत नेऊन सोडतो. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, तेच काम. फक्त इथे ती गरम जाळी टाकीभोवती गुंडाळलेली असते आणि थंड कॉइल पंख्यासमोर, बाल्कनीच्या हवेत असते. त्यामुळे एक युनिट विजेत अडीच-तीन युनिट उष्णता टाकीत जाते. हिशेब करून बघा. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंशांवर असेल आणि ते ५० वर न्यायचं असेल, तर २०० लिटरला साधारण साडेसात युनिट उष्णता लागते. साध्या गिझरला तेवढीच वीज लागेल. हीट पंप तेच काम अडीच ते तीन युनिटांत करतो.

'हायब्रिड' म्हणजे याच टाकीत गिझरसारखं हीटिंग एलिमेंटही बसवलेलं असतं. हवा फार थंड झाली किंवा पाणी लवकर हवं असलं, की मशीन स्वतःहून एलिमेंट चालू करतं. ही सोय चांगलीच आहे, पण दोष तिच्याच आड लपतो. हीट पंप अर्धमेला झाला तरी एलिमेंट बाजू सांभाळून घेतं, पाणी बऱ्यापैकी गरम मिळत राहतं आणि घरात कोणाला काही कळत नाही. पहिली खबर बिल आणतं. दिवसाला साडेचार-पाच युनिटांचा फरक म्हणजे महिन्याला १४०-१५० युनिटं जास्त. त्यात ३०० ची रेषा ओलांडली की पुढच्या युनिटांचा दरही चढा.

म्हणून पहिली तपासणी एकच: पाणी तापवतंय कोण, पंप की एलिमेंट?

यासाठी मेकॅनिक लागत नाही. घरातले फ्रिज, पंखे, दिवे, इन्व्हर्टर सगळं पाच मिनिटं बंद करा, फक्त हीटर चालू ठेवा आणि खाली मीटरपाशी जा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच एक आकडा छापलेला असतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकणार. मोबाइलवर एक मिनिट लावून मोजा. नुसता पंप, म्हणजे त्याचा कॉम्प्रेसर, साधारण ५०० वॅट खातो, म्हणजे मिनिटाला २६-२७ वेळा. दोन किलोवॅटचं एलिमेंट लागलं असेल तर १०० च्या पुढे. तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर त्या प्रमाणात धरा. इलेक्ट्रिशियनकडे क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) असेल तर आणखी सोपं: कॉम्प्रेसरला दोन-सव्वादोन अँपिअर, एलिमेंटला साडेआठच्या आसपास.

एका पहाटे चार वाजता मी मोजले ते १०८. पॅनलवर 'हायब्रिड' दिसत होतं, पण पंप गप्प होता आणि घरात सरळ एक मोठा गिझर चालू होता.

मग पुढचं कव्हर काढलं. (आधी एमसीबी पाडा. पॅनलचा स्विच बंद करणं पुरेसं नाही.) बॅटरीच्या उजेडात कॉइल दिसली ती पांढरीफटक. वरपासून खालपर्यंत बर्फाची साय धरलेली, फिनांमधल्या (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांमधल्या) फटी बुजलेल्या. बोट लावलं तर खरखरीत, जुन्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यासारखी. हवा त्यातून जाणार कुठून?

इथेच पूर्वीचे दोन मेकॅनिक चुकले होते. पहिल्या हिवाळ्यात आलेल्याने बर्फ बघितला आणि म्हणाला, "साहेब, गॅस कमी झालाय." गॅस भरला. पुढच्याच आठवड्यात संक्रांत झाली, थंडी ओसरली, पाणी गरम येऊ लागलं आणि आमची खात्री पटली की गॅसच कमी होता. दुसऱ्या हिवाळ्यात दुसरा मेकॅनिक, तेच निदान, पुन्हा गॅस, तोही अंदाजाने. वजनकाटा दोघांकडेही नव्हता.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: गॅस वापरून संपत नाही. कॉइल, पाइप, कॉम्प्रेसर सगळं बंद वर्तुळ आहे. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार. गळतीच्या जागी बहुधा तेलकट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. आणि बर्फ बघूनही बराच अंदाज बांधता येतो. गॅस कमी असेल तर गॅस कॉइलमध्ये शिरतो त्या तोंडाशीच बर्फ धरतो आणि बाकीची कॉइल कोरडी राहते. कॉइल सगळीकडे सारखी पांढरी झाली असेल तर आधी हवेचा संशय घ्या. माझी सगळीकडे सारखी पांढरी होती.

हवेचं गणित मांडलं आणि डोळे उघडले. आमची ड्राय बाल्कनी चार फूट रुंद, सात फूट लांब, साडेनऊ फूट उंच, म्हणजे २६६ घनफूट. अशा मशीनला बंद जागेत बसवायचं तर ७०० ते १००० घनफूट हवा हवी, असं यांच्या पुस्तिकांमध्ये लिहिलेलं असतं. बाल्कनी उघडी असेल तर प्रश्न येत नाही, बाहेरची हवा येत-जात राहते. पण आम्ही तिला सरकत्या काचा लावून घेतल्या होत्या, आणि थंडीत स्वयंपाकघरात वारा येतो म्हणून त्या रात्री घट्ट बंद व्हायच्या. मशीन त्या कोंडलेल्या हवेतली उष्णता ओढायचं, थंड हवा तिथेच सोडायचं आणि पुन्हा तीच थंड हवा आत घ्यायचं. मी दोरीला एक थर्मामीटर टांगून ठेवला. रात्री दोनला बाल्कनीत १४ अंश. मशीन तासभर चालल्यावर ६. त्या वेळी काचेबाहेर ११ अंश होते. म्हणजे काचेमागची बाल्कनी बाहेरच्या उघड्या हवेपेक्षा थंड! हवा १०-१२ अंशांखाली गेली की कॉइलचा पृष्ठभाग शून्याखाली उतरतो, हवेतला ओलावा तिच्यावर गोठतो, आणि मशीन नाइलाजाने पंप थांबवून एलिमेंट लावतं. फेब्रुवारी संपताना काचा उघडायच्या आणि दोष 'आपोआप' जायचा, त्याचं कारण हे.

दुसरं कारण फिल्टर. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या घरांच्या रचनेतूनच येतो. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन असतं, वाळत घातलेले कपडे असतात, त्यांचा तंतू उडत असतो. लागूनच स्वयंपाकघर, तिथून फोडणीचा तेलकट धूर येतो. हे दोन्ही हवेच्या फिल्टरवर बसून एकजीव होतात. दिवाळीच्या फराळाचं तळण झाल्यावर माझा फिल्टर काढला तर जाळी दिसतच नव्हती, करड्या रंगाचा चिकट नमदा झाला होता. ऐन थंडी सुरू व्हायच्या तोंडावर मशीनचं नाक बंद! नुसत्या पाण्याने तो निघत नाही. भांड्याचा साबण आणि कोमट पाणी घ्या, दहा मिनिटं भिजवा, मऊ ब्रशने पुसा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच लावा. उन्हात टाकला तर प्लॅस्टिकची चौकट वाकते. आमच्याकडे आता महिन्यातून एकदा, शिवाय फराळ झाल्यावर लगेच एकदा, असा नेम आहे. फिल्टरमागच्या कॉइलवरही थर असेल तर मऊ ब्रश फिनांच्या दिशेने, वरून खाली फिरवा. आडवा फिरवला की फिना मुडपतात आणि वाट आणखी बुजते.

बर्फ मात्र कधीही टोकदार वस्तूने खरवडू नका. कॉइल फुटली तर गॅस खरोखरच जाईल. मशीन बंद करून काचा उघड्या ठेवा, तास-दोन तासांत तो आपोआप वितळतो.

उपाय म्हणून फॅब्रिकेटरकडून वरच्या काचेच्या जागी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची झडप बसवून घेतली आणि मशीनची थंड हवा सहा इंची डक्टने, म्हणजे हवेच्या नळीने, थेट बाहेर काढली. डक्ट किती लांब चालतो आणि किती वळणं चालतात हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, पुस्तिका बघूनच करा. लांब-वाकडा डक्ट लावला तर पंखा दमतो आणि आपण पुन्हा मूळ पदावर येतो.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो वेळ बदलल्याने, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. पहाटे पाणी हवं म्हणून मी टायमर रात्री दोन ते साडेपाच लावला होता. म्हणजे दिवसातली सगळ्यात थंड हवा निवडून त्या हवेतून उष्णता काढायला मशीनला सांगत होतो. नाशिकला जानेवारीत पहाटे दहा अंश असले तरी दुपारी २७-२८ असतात. आता मशीन दुपारी बारा ते साडेचार चालतं. टाकीला जाड इन्सुलेशन असतं, त्यामुळे दुपारी ५३ अंशांवर गेलेलं पाणी पहाटे ४९-५० ला मिळतं. आंघोळीला एवढं पुरून उरतं, बादलीत गार पाणी मिसळावंच लागतं.

त्या अंदाजाने भरलेल्या गॅसने मात्र वेगळीच बाधा केली. मे महिन्यात मशीन दर दोन दिवसांनी एरर दाखवून थांबायला लागलं. कोड बघितला तर दाब जास्त झाल्याचा. गॅस ठरल्या वजनापेक्षा जास्त असला की टाकी तापत आली असताना आणि बाहेरची हवाही तापलेली असताना दाब मर्यादेबाहेर जातो आणि मशीन स्वतःला वाचवायला थांबतं. या वेळी बोलावलेल्या माणसाने सगळा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, काट्यावर ठेवला: ११८० ग्रॅम. मशीनच्या प्लेटवर छापलेले ९५०. गळती नाही हे तपासून, व्हॅक्यूम करून, त्याने मोजून ९५० भरला. तो एरर परत आलेला नाही. तेव्हा गॅस भरायला कोणी आलं तर आधी विचारा, "दादा, वजनकाटा आणलाय का?" नसेल तर काम करू देऊ नका. आणि प्लेटवर आर-२९० लिहिलेलं असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे. त्याच्याजवळ पाइपांचे सांधे जोडायची ज्योत पेटवायचं काम ज्याने त्याचं प्रशिक्षण घेतलंय त्यानेच करावं.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. सोसायटीतल्या चार-पाच घरांत मी त्या बघितल्या आहेत.

पावसाळ्यात मशीनखाली पाणी साचतं, कधी खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. ही टाकीची गळती असेलच असं नाही. एसीतून पडतं तसं पाणी कॉइलवरूनही निथळतं आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते खूप जास्त असतं. ते नेणाऱ्या बारीक पाइपात शेवाळ धरतं. पाइप काढून त्यात कपभर पांढरं व्हिनेगर ओता, अर्ध्या तासाने पाण्याने धुवा. पाइपाला सलग ढाळ हवा, मध्ये लोंबता झोळ राहिला की तिथेच तुंबतं. मशीन बंद ठेवूनही पाणी साचतच राहिलं आणि ते कोमट किंवा गंजट असेल, तर मात्र टाकीच बघावी लागेल.

टाकीत पाणी गरम आहे पण नळाला कोमट येतं, ही तक्रार गच्चीवरच्या टाकीतून पाणी घेणाऱ्या घरांत फार. रात्री कोणीही नळ उघडलेला नसताना हीटरकडे येणाऱ्या गार पाइपाला हीटरपासून हातभर वर हात लावून बघा. तो गरम लागत असेल तर गरम पाणी उलटं वर चढतंय, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नाही किंवा त्यात कचरा अडकलाय. दुसरी शक्यता, कुठला तरी मिक्सर नळ आतून खराब होऊन गार आणि गरम पाणी एकत्र करतोय. हीटरचा गार पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम नळ उघडा. पाणी येतच राहिलं तर ते दुसरीकडून घुसतंय.

एमसीबी न पडता ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर मशीन फक्त पंपाच्या मोडवर ठेवून एक दिवस बघा. तेव्हा पडलं नाही तर बहुधा एलिमेंटला चीर जाऊन करंट पाण्यात उतरतोय. इलेक्ट्रिशियनला मेगर (करंटची गळती तपासायचं यंत्र) लावून खात्री करायला सांगा. ईएलसीबी काढून टाकून काम भागवणारे असतात, त्यांचं ऐकू नका. हा आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न आहे, घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ नको.

लाइट जाऊन आली आणि मशीन लगेच सुरू झालं नाही, तर घाबरू नका. कॉम्प्रेसरला तीन-चार मिनिटं थांबवून ठेवलेलं असतं, दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. मात्र घड्याळ तपासा. काही मशीनचं घड्याळ लाइट गेली की शून्यावर येतं आणि दुपारचा टायमर मध्यरात्री चालू लागतो. माझ्या एका शेजाऱ्याच्या वाढलेल्या बिलाचं कारण एवढंच निघालं.

बोअरचं पाणी असेल तर आपल्या काळ्या खडकातून येणारे क्षार टाकीच्या तळाशी बसतात आणि एलिमेंटवर पांढरी पुटं चढतात. तीन महिन्यांतून एकदा तळाच्या कॉकमधून तीन-चार बादल्या पाणी सोडा, गढूळ यायचं थांबेपर्यंत. टाकी पूर्ण रिकामी केली असेल तर ती भरून गरम नळातून सलग धार आल्याशिवाय वीज चालू करू नका, कोरडं एलिमेंट काही मिनिटांत जळतं. टाकीतला ॲनोड रॉड वर्ष-दोन वर्षांनी काढून बघायचा. तो आपण झिजतो आणि टाकीला गंजण्यापासून वाचवतो. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला तर मॅग्नेशियमचा ॲनोड आणि पाण्यातले जिवाणू यांचं ते काम. टाकी एकदा ६० अंशांच्या वर तापवून पूर्ण धुऊन घ्या. वास परत आला तर ॲल्युमिनियम-झिंकचा ॲनोड बसवून घ्या.

तसंही आठवड्यातून एकदा पाणी ६० ला नेलेलं बरं, कोमट साठ्यात वाढणारे जिवाणू त्याने मरतात. आमच्याकडे रविवारी दुपारी ते होतं. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. म्हणून आण्णांच्या बाथरूममध्ये गरम पाण्याचं तापमान आपोआप बेतात ठेवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावला आहे. ज्यांच्या घरात वयस्क माणसं किंवा लहान मुलं आहेत त्यांनी तो लावाच.

या जानेवारीत पुन्हा मीटरपाशी उभा राहिलो, दुपारी दोन वाजता. एका मिनिटात २८. बाल्कनीतल्या थर्मामीटरवर २५, कॉइलवर नुसते दवाचे थेंब.

एक अडचण मात्र राहते आणि ती मशीनच्या कुवतीचीच आहे. पंप एकट्याने २०० लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साडेचार तास घेतो. घरात लग्नाचे पाहुणे असले, एका सकाळी आठ आंघोळ्या व्हायच्या असल्या, तर तो पुरा पडत नाही. तेवढे दोन दिवस मी मशीन हायब्रिडवर टाकतो, आणि ते पुन्हा इकोवर, म्हणजे फक्त पंपावर, आणायचं विसरू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या तारखेला पेनाने खूण करून ठेवतो.